लग्नपत्रिकेचे मॅटर कोण लिहिते?

महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी जी कागदपत्रे लागतात, त्यांत वयाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा यांच्याबरोबर लग्नपत्रिकाही असते. पत्रिका छापलीच नसेल, तर तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. राजस्थानात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होणारे बालविवाह रोखण्यासाठी प्रशासनाने छापखानेवाल्यांना वयाचा पुरावा पाहूनच पत्रिका छापायला आणि वधू-वरांच्या जन्मतारखा तिच्यावर द्यायला सांगितलेले आहे. म्हणजे सरकारदरबारी हा कागद साक्षीदार आहे. कोणाचे लग्न, कोणाशी, कुठे, कधी आणि कोणाच्या नावाने, हे चारचौघांत सांगणारे सामान्य घरातले ते बहुधा एकमेव छापील निवेदन असते. घरोघरी मात्र कार्डाचा रंग, सोनेरी किनार आणि पाकिटावरचा गणपती यांवर संध्याकाळच्या संध्याकाळ चर्चा होते आणि मजकुराची वेळ आली की छापखान्यात सांगितले जाते, मॅटर नेहमीचेच घ्या, फक्त नावे बदला. अलीकडे ‘आमची गोष्ट सांगणारी पत्रिका हवी’ असे म्हणणारी जोडपी वाढली आहेत. ही इच्छा मला मनापासून स्वागतार्ह वाटते. पण तिच्यापायी होणारी सगळी मेहनत चित्रावर, घडीवर आणि डब्यावर खर्ची पडते, मॅटरला कोणी हात लावत नाही. जोडप्याची गोष्ट पत्रिकेत यायची असेल, तर ती आधी मजकुरात आली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी धंद्याच्या रचनेत आहे. गिरगावातल्या खाडिलकर रोडवर किंवा दिल्लीच्या चावडी बाजारात पत्रिकांची दुकाने ओळीने आहेत. तिथे मिळते ते तयार कार्ड. गणपती, कलश, मोर, डोली, किनार हे सारे त्यावर आधीच मोठ्या संख्येने छापलेले असते आणि मधली जागा कोरी असते. गावोगावचे छापखाने अशी कार्डे आणून ठेवतात, गिऱ्हाइकासमोर नमुन्यांचा अल्बम ठेवतात आणि पसंत पडलेल्या कार्डाच्या कोऱ्या जागेत स्क्रीन प्रिंटिंगने मजकूर उतरवून देतात. या पद्धतीत नक्षी एका ठिकाणी तयार होते, मजकूर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंची गाठ शेवटच्या दिवशी पडते. गिऱ्हाइकाला निवड करायला मिळते ती नक्षीची. मजकूर संगणकावर आधीच टाइप करून ठेवलेला असतो, एका लग्नाचा पुसून दुसऱ्याचा भरला जातो. लग्नसराईत एका दिवसात कित्येक ऑर्डरी पुऱ्या करणाऱ्या छापखान्याला याहून वेगळे काही करणे परवडणारेही नाही. म्हणून छापखानेवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे कोरा कागद घेऊन, आपला मजकूर लिहून आणणारे गिऱ्हाईकच क्वचित येते.

मोबाइलवर पत्रिका आली तेव्हा ही चौकट मोडेल असे वाटले होते. छपाईचा खर्च नाही, जागेची अडचण नाही, हवा तेवढा मजकूर, हवा तसा आवाज. प्रत्यक्षात तीच चौकट आणखी घट्ट झाली. ॲप उघडायचे, साचा निवडायचा, नावे आणि तारीख भरायची, पार्श्वसंगीत ठरवायचे. सनईचे तेच सूर, उलगडत जाणारे तेच दरवाजे, पडणाऱ्या त्याच पाकळ्या. वेगळेपणा हवा असेल तर वधू-वरांची अर्कचित्रे, किंवा मग विमानाचा बोर्डिंग पास, आधार कार्ड, वर्तमानपत्राचे पान, सिनेमाचे पोस्टर यांच्या रूपातली पत्रिका. यातल्या कल्पकतेचे कौतुक करायला हवे, आणि ते ज्या आनंदाने केलेले असते तो आनंदही खरा आहे. पण बोर्डिंग पास पाहून त्या दोन माणसांबद्दल काय कळते? दोघांनाही प्रवास आवडतो, यापलीकडे फारसे काही नाही. तोच बोर्डिंग पास दुसऱ्या कुठल्याही जोडप्याच्या हाती दिला तरी चालतो. नावे बदलूनही पत्रिका जशीच्या तशी वापरता येत असेल, तर ती त्या दोघांची नव्हे, ही कसोटी मला पुरेशी वाटते. आणि पैशाने ही कसोटी पार करता येत नाही. २०२४ मध्ये अंबानींच्या घरच्या लग्नाचे निमंत्रण चांदीच्या मंदिरासह गेले आणि त्याचे फोटो देशभर फिरले. त्यातून यजमानांच्या संपत्तीविषयी खूप कळले. लग्न करणाऱ्या दोघांविषयी पाहणाऱ्यांना त्यातून काय समजले, हे सांगणे कठीण आहे.

याउलट, गोष्ट सांगणाऱ्या पत्रिका आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. फक्त त्यांना कोणी ‘डिझाइन’ म्हटले नाही. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजीशिवाय, मराठी मंगलाष्टकांनी, वधू-वरांनी एकमेकांना दिलेल्या वचनांनी लग्न लागू शकते, हे त्या विवाहाने दाखवले. आजही सत्यशोधक पद्धतीने लग्न करणारी कुटुंबे पत्रिकेवर तसे स्पष्ट छापतात. त्या घराने कोणता विचार स्वीकारला, हे त्या एका ओळीत येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर महाराष्ट्रातल्या लाखो घरांची लग्नपत्रिका वरच्या ओळीपासून बदलली. गणपतीच्या जागी बुद्ध आले, बाबासाहेब आले, पुढे जोतीराव, सावित्रीबाई, रमाबाई आल्या. ‘शुभविवाह’ जाऊन ‘मंगल परिणय’ आला, मुहूर्ताच्या घटिका-पळांऐवजी घड्याळातली साधी वेळ आली. कागद स्वस्तातला, छपाई अनेकदा एकरंगी. तरी ती पत्रिका हातात पडताच त्या कुटुंबाने कोणती वाट सोडली आणि कोणती धरली, हे वाचणाऱ्याला कळते. मराठा सेवा संघाच्या प्रभावातून ‘जय जिजाऊ’ने सुरू होणाऱ्या शिवविवाहाच्या पत्रिका आल्या. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, कोकणात निकाहाच्या पत्रिका मराठीत छापणारी मुसलमान कुटुंबे आहेत. वर ७८६, खाली गावकीला कळेल अशी चोख मराठी. आम्ही कोण, कुठले आणि कोणाच्या शेजारी राहतो, हे ती पत्रिका एकही चित्र न काढता सांगते. या सगळ्यांत साम्य एकच, की बदल मजकुरात झाला आणि तो विचारपूर्वक झाला.

मग आजच्या जोडप्याने मजकुरात काय बदलावे? पहिली गोष्ट नावांची. सर्वसाधारण मराठी पत्रिका काढून पाहावी. मुलीच्या आईचा उल्लेख ‘सौ. व श्री.’ एवढाच असतो आणि त्यापुढे नाव असते ते वडिलांचे. जिने ही मुलगी वाढवली, जी लग्नाची निम्मी तयारी करते आहे, तिचे स्वतःचे नाव त्या कागदावर कुठेही नसते. आई विधवा असेल तर गोष्ट आणखी बिघडते. निमंत्रक म्हणून काका किंवा मामा येतात आणि आई ‘कै.’ अमुक यांच्या मागे दिसेनाशी होते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. शासनाचा कागद आणि एका खेड्याची ग्रामसभा जिथवर पोचली, तिथवर आपली लग्नपत्रिका अजून पोचलेली नाही. एखाद्या मुलीला एकट्या आईने वाढवले असेल, तर निमंत्रक म्हणून त्या आईचे पूर्ण नाव सर्वांत वर, एकट्याने, ठळक अक्षरात छापणे याहून त्या मुलीची गोष्ट सांगणारी दुसरी कोणतीही रचना मला सुचत नाही. अर्कचित्र काढायला कलावंत लागतो. हे करायला घरातल्या वडीलधाऱ्यांशी एकदा नीट बोलावे लागते, आणि ते अधिक अवघड आहे हे मला मान्य आहे.

‘आमची गोष्ट’ म्हटले की पहिली भेट, मागणी, होकार असा एक प्रेमकथेचा नकाशा डोळ्यासमोर येतो. तो बाहेरच्या पत्रिकांतून आणि सिनेमांतून आलेला आहे, आणि त्यात आपल्याकडची बहुसंख्य लग्ने बसत नाहीत. आपल्याकडे अजूनही स्थळ येते, पत्रिका जुळवतात किंवा जुळवत नाहीत, बायोडाटा फिरतो, कांदेपोहे होतात. अशा जोडप्यांना आपल्याला सांगण्याजोगी गोष्टच नाही असे वाटते आणि मग ते प्रेमविवाहाचा साचा उसना घेतात. समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो, इंग्रजीतले एखादे गुळगुळीत वाक्य. मला वाटते, ठरवून झालेल्या लग्नाची गोष्ट सरळ सांगितली तर ती फार सुंदर होऊ शकते. समजा, पत्रिकेत एवढेच लिहिले: ‘मार्चमध्ये आमच्या दोन घरांची ओळख झाली. त्यानंतर सहा महिने आम्ही एकमेकांशी बोलत राहिलो, आणि मग दोघांनी आपापला होकार कळवला. आता आमच्या आई-वडिलांसह आम्ही आपल्याला लग्नाला बोलावत आहोत.’ यात अलंकार नाही, पण मुलीला विचारले गेले, तिला वेळ मिळाला, तिने हो म्हटले, हे यात आहे. आपल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. कोणाचे हे दुसरे लग्न असेल, कोणाला पहिल्या संसारातले मूल असेल. त्या मुलाचे नाव निमंत्रकांत घातले, तर येणाऱ्या प्रत्येकाला त्या घराने मुलाला काय स्थान दिले आहे हे कळेल आणि मांडवात कुजबुजायला जागा उरणार नाही. लग्न नोंदणी पद्धतीने होणार असेल आणि संध्याकाळी फक्त चहापान असेल, तर ‘आम्ही असे ठरवले, कारण…’ असे एका वाक्यात सांगण्याने कोणाचा मान कमी होत नाही. जोडप्याने मिळून घेतलेले निर्णय हीच त्यांची आजवरची गोष्ट असते.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. पत्रिका दोघांची नसते, घराची असते. ती भावकीला जाते, सोयऱ्यांना जाते, कुलदेवतेपुढे पहिली ठेवली जाते, तिला हळदकुंकू लागते, तिच्याबरोबर अक्षता जातात. तिच्यात आजोबांचे नाव, काकांचे नाव, ‘स्वागतोत्सुक’ म्हणून चुलत-मावस भावंडांची नावे, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकल्यांची किलबिल, हे सारे असते ते उगाच नव्हे. एक नाव गाळले तर दोन पिढ्या बोलणे बंद होऊ शकते. हे सगळे मला पटते. किंबहुना ही नावांची लांबलचक यादी मला मराठी पत्रिकेचे वैभव वाटते. नव्या पत्रिकांत ती छाटून फक्त दोन पहिली नावे आणि मधे हृदयाचे चिन्ह ठेवतात, त्याने मजकूर सुटसुटीत होतो, पण त्या मुलामुलीच्या मागे उभे असलेले माणसांचे गोत नाहीसे होते. जोडप्याची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. शेत विकून शिकवणारे आजोबा, शहरात पहिली खोली देणारी आत्या, हॉस्टेलचे पैसे भरणारा थोरला भाऊ हे तिच्यातले लोक आहेत. म्हणून माझा आग्रह यादी काढून टाकण्याचा नाही, यादी विचाराने करण्याचा आहे. गावोगावच्या पत्रिकांत ‘प्रमुख उपस्थिती’खाली आमदार, सभापती, माजी सरपंच यांची नावे आणि फोटोही येतात. ती जागा हौसेची किंवा भिडेची असते. ज्यांनी त्या दोघांना घडवले त्यांच्यासाठी ती वापरली, तर घराचा मान वाढेल. निमंत्रकांत आई-वडिलांच्या बरोबरीने वधू-वरांनीही आपले नाव घालावे. लग्न त्यांचे आहे, तेव्हा बोलावणाऱ्यांतही ते असावेत, एवढे कोणताही समंजस आजोबा मान्य करील असा माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खासगी गोष्ट चारशे घरांत का वाटायची? आणि काही जोडप्यांसाठी तर ती वाटणे धोक्याचे असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्या मुलामुलींसाठी हे तीस दिवस किती जड जातात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. २०१८ मध्ये शक्ती वाहिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांना आणि राज्यांना निर्देश द्यावे लागले, सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला सांगावे लागले. ज्यांच्या जिवावर बेतू शकते त्यांनी पत्रिका छापूच नये. लग्न झाल्यावर, सुरक्षित वाटेल तेव्हा, स्वागत समारंभाचे निमंत्रण द्यावे. पत्रिकेच्या खरेपणापेक्षा त्या दोघांचा जीव मोलाचा आहे, यात वाद नाही. इतरांसाठी मात्र गोष्ट आणि माहिती यांत फरक केला पाहिजे. आज मोबाइलवर फिरणाऱ्या पत्रिकांत दोघांच्या जन्मतारखा, नोकरीचे ठिकाण, घराचा पत्ता, आई-वडिलांचे फोन क्रमांक असे सगळे असते आणि त्या अनोळखी गटांतही जाऊन पडतात. ही माहिती आहे, तिने कोणाची गोष्ट कळत नाही, ठकसेनांची सोय तेवढी होते. आम्ही एकमेकांना कसे निवडले, आमच्या घरी कोण आहेत, आम्हाला लग्न कसे करायचे आहे, यातून मात्र कोणाच्याही बँक खात्यापर्यंत पोचता येत नाही.

या संदर्भात गेल्या काही वर्षांतला एक फसवणुकीचा प्रकार लक्षात घेण्यासारखा आहे. अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर ‘लग्नाला नक्की या’ असा संदेश येतो, सोबत पत्रिका म्हणून एक फाइल असते. ती प्रत्यक्षात एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये शिरणारे ॲप असते, आणि उघडताच फोनमधली माहिती व बँकेचे संदेश चोरांच्या हाती जातात. २०२४ पासून वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांनी याबाबत इशारे दिले आहेत. ही युक्ती चालते, कारण सगळी निमंत्रणे एकसारखी झाली आहेत. कोणाचे आहे हे न कळणारा संदेश आला तरी तो खराच वाटतो, असेल कोणीतरी नात्यातले असे म्हणून माणूस फाइल उघडतो. ज्या निमंत्रणात बोलावणाऱ्याचा स्वतःचा शब्द आहे, तुमचे-त्याचे नाते कसे हे एका ओळीत लिहिलेले आहे, ते ओळखायला सोपे आणि त्याची नक्कल करायला अवघड. आपलेपणाचा असाही एक रोकडा उपयोग आहे.

चित्राला आणि अक्षराला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. मजकूर ठरल्यावर त्यांची पाळी येते आणि मग ती दोन्ही खऱ्या अर्थाने कामाला लागतात. वारली चित्रांचेच पाहा. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-जव्हारकडे, वारली घरात लग्न असले की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते, धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. आज शहरी पत्रिकांवर वारली नाचणारी माणसे आणि तारपा सर्रास छापतात. ज्या रेषा मुळात एका विशिष्ट घरातल्या विशिष्ट लग्नासाठी काढल्या जात, त्या कोणत्याही लग्नाच्या किनारीला लावल्या जातात, याचे मला वाईट वाटते. ज्या जोडप्याचे त्या भागाशी नाते आहे, एखादी वारली शिक्षिका असेल, तिथे काम केलेला डॉक्टर असेल, त्यांनी तिथल्याच चित्रकाराकडून चौक काढून घ्यावा आणि त्याचे नावही छापावे. इतरांनी आपापल्या गावाकडे पाहावे. आता अक्षरांचे पाहा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे आठवा. नाटकाचे नाव वाचताच त्याचा स्वभाव समजे, आणि तो चित्राने नव्हे, अक्षराच्या वळणाने समजे. पत्रिकेवरच्या दोन नावांसाठी एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे? साधी अपेक्षाही आज पुरी होत नाही. अनेक साच्यांत जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर चढतो, ऱ्हस्व वेलांटी सुटी पडते, कारण ते साचे देवनागरीसाठी तयार केलेलेच नसतात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे सांगितली आहेत. पत्रिकांत मात्र हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे चांगले देवनागरी टंक कोणालाही फुकट वापरता येतात. नाव शुद्ध आणि सुबक छापणे हा त्या माणसाचा पहिला मान आहे.

भाषेचा प्रश्नही असाच विचाराने सोडवायचा आहे. बेळगावात मराठी-कन्नड घरांत सोयरीक होते, गोव्यात एकाच पत्रिकेला मराठी, कोंकणी आणि इंग्रजी वाचणारे पाहुणे असतात, अमेरिकेत वाढलेल्या मुलाचा आजा साताऱ्यात असतो. सोय म्हणून सगळे इंग्रजीत छापले जाते आणि आजोबांना पत्रिका कोणीतरी वाचून दाखवावी लागते. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तिचेच शब्दशः भाषांतर, हाही मार्ग अपुराच. मराठी बाजू मुलीच्या घराने आपल्या माणसांना उद्देशून लिहावी, कन्नड किंवा इंग्रजी बाजू मुलाच्या घराने त्यांच्या माणसांना उद्देशून. तारीख-स्थळ तेच राहील, पण दोन घरे वेगवेगळ्या सुरात बोलवतील, आणि दोन घरांची ही गाठ हीच तर त्या लग्नाची गोष्ट आहे.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप: पत्रिका वाचतो कोण? लोक तारीख, वेळ, कार्यालय आणि जेवण कधी हे पाहतात आणि कार्ड कपाटावर टाकतात. साचेबंद मजकूर कोणी वाचत नाही हे खरेच आहे, कारण त्यात वाचण्यासारखे काही नसते. जिथे काही असते तिथे वाचतात. ‘आहेर आणू नये’ ही ओळ वाचली जातेच. तिच्यापुढे ‘त्याऐवजी आमच्या गावच्या वाचनालयासाठी तुमच्या आवडीचे एक पुस्तक आणा’ असे लिहिले, तर पाहुणा घरी बसून कपाट धुंडाळतो. हे सारे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असेही म्हटले जाईल. वस्तुस्थिती उलटी आहे. लेझर कटिंग, फॉइल, डबा, सुकामेवा यांना पैसे लागतात. आईचे नाव छापायला, आपला होकार आपल्या शब्दांत सांगायला शाईदेखील जास्त लागत नाही. सामुदायिक विवाह सोहळ्यात एकाच पत्रकावर अनेक जोडप्यांची नावे ओळीने येतात, राज्याची शुभमंगल विवाह योजनाही अशा लग्नांना मदत देते. त्या पत्रकात प्रत्येक जोडप्याला दोन ओळी द्याव्यात, गाव, दोघांची कामे आणि दोन्ही आयांची नावे. आयोजक संस्थांनी हे या हंगामापासून सुरू करावे. आणि छापखानेवाल्यांनी गिऱ्हाइकापुढे नमुन्यांचा अल्बम ठेवण्याआधी एक कोरा कागद ठेवावा, ‘मॅटर लिहून आणा, घाई नाही’ असे सांगावे. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्याकडे श्वास घ्यायला सवड नसते, तेव्हा हे सांगण्याची योग्य वेळ दिवाळीच्या आधीची.